ऑडिटमधून डीलच्या टेबलावर, चौतिसाव्या वर्षी

प्रश्न : मॅडम, मी मूळचा तासगावचा, वय ३४. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना वडिलांना पक्षाघात झाला. शिक्षण सुटलं, चार वर्षं बेदाण्याच्या अडत दुकानात हिशेब लिहिले. पदवी पंचविसाव्या वर्षी हातात आली, सीए बत्तिसाव्या वर्षी झालो. गेली दोन वर्षं पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या सीए फर्ममध्ये ऑडिट आणि टॅक्सचं काम करतो. गेल्या वर्षी आमच्या एका क्लायंट कंपनीतला मोठा हिस्सा परदेशी कंपनीने घेतला. तो व्यवहार जवळून पाहिला आणि तेव्हापासून इन्व्हेस्टमेंट बँकिंग डोक्यातून जात नाही. मित्र म्हणतात, तेवीस-चोवीस वर्षांच्या आयआयएमवाल्या पोरांत तुला कोण विचारणार? एमबीए करू का? सीएफए करू? एका संस्थेचा इन्व्हेस्टमेंट बँकिंगचा सहा महिन्यांचा कोर्स आहे, फी दीड लाख, नोकरीची हमी देतात. तो करू? मधली चार वर्षं मुलाखतीत कशी सांगू? पत्नी शाळेत शिक्षिका आहे, मुलगी तीन वर्षांची, फ्लॅटचा हप्ता चालू आहे. — एक वाचक, धायरी, पुणे

सप्रेम नमस्कार.

इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये जाता येईल. मित्र ज्या दाराबद्दल बोलतायत ते मात्र तुमच्यासाठी बंद आहे, आणि त्यावर धडका मारण्यात तुम्ही एक वर्षही घालवू नये असं मला मनापासून वाटतं. मुंबईत मर्चंट बँकिंगमध्ये, म्हणजे कंपन्यांचे शेअर बाजारात आणण्याच्या कामात, मी बरीच वर्षं काढली, मुलाखती घेतल्या, माणसं निवडली. ऑडिटमधून आलेली माणसं माझ्या टीममध्ये होती आणि त्यांच्याशिवाय शेअरविक्रीचे काही इश्यू वेळेवर निघालेच नसते. त्या भरवशावर पुढचं लिहिते.

आधी कोर्सचं उरकून टाकू. पुण्यात खराडी, येरवडा, हिंजवडी भागात परदेशी बँकांची मोठी ऑफिसं आहेत. तिथे आपली असंख्य मुलं-मुली काम करतात, आणि घरचे अभिमानाने सांगतात की मुलगा इन्व्हेस्टमेंट बँकेत आहे. ते खोटं नाही. पण तिथलं बहुतेक काम म्हणजे झालेल्या व्यवहारांची सेटलमेंट, रिकन्सिलिएशन, प्रॉडक्ट कंट्रोल, फंड अकाउंटिंग, केवायसी. चांगल्या नोकऱ्या आहेत, पगार वेळेवर होतो, संध्याकाळी घरी जाता येतं. नोकरीची हमी देणारे कोर्स बहुधा याच कामासाठी, तेही नव्या पदवीधरांना तयार करतात. तुम्ही सीए आहात. त्या कोर्समधलं अकाउंटिंग तुम्ही झोपेतही शिकवाल, आणि हमी ज्या नोकरीची आहे तिच्यासाठी तुम्ही आजच जास्त शिकलेले आहात. दीड लाख भरू नका. भरण्याआधी विचारायचंच असेल तर एकच विचारा: गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांपैकी किती जण डीलवर काम करतात आणि कुठल्या फर्ममध्ये, हे लेखी द्याल का?

तुम्ही क्लायंटकडे पाहिलंत ते काम वेगळं. कंपनीला विकत घेणारा शोधायचा, विकणाऱ्याला नीट किंमत मिळवून द्यायची, वाढीसाठी प्रायव्हेट इक्विटीचा, म्हणजे गुंतवणूक फंडांचा पैसा आणायचा, नाहीतर आयपीओ, म्हणजे कंपनीची पहिली जाहीर शेअरविक्री, बाजारात उतरवायचा. हे काम मुख्यतः मुंबईत चालतं, बीकेसीपासून लोअर परळ, प्रभादेवी, नरिमन पॉइंटपर्यंतच्या पट्ट्यात. आयपीओ हाताळायला सेबीकडे मर्चंट बँकर म्हणून नोंदणी लागते. कोटक महिंद्रा कॅपिटल, जेएम फायनान्शियल, ॲक्सिस कॅपिटल, एसबीआय कॅपिटल मार्केट्स, ॲव्हेंडस ही नावं तुम्ही ऐकली असतीलच. परदेशी बँकांचे भारतातले डील करणारे गट तर आणखी लहान. एवढ्या लहान टीममध्ये तळाची, म्हणजे अ‍ॅनालिस्टची पायरी कॅम्पसवरून भरतात. आयआयएम, जमनालाल बजाज, सीएच्या परीक्षेत पहिल्या प्रयत्नात रँक काढलेली मुलं तिथे येतात. ही रांग तुमची नाही, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

वयाबद्दल मात्र स्पष्ट लिहिते, कारण इथे लोक एकतर खोटा धीर देतात नाहीतर उगाच घाबरवतात. चौतीस वर्षांचा माणूस समोर बसला की मुलाखत घेणाऱ्याच्या मनात तीन शंका येतात. अठ्ठावीस वर्षांच्या व्हीपीने, म्हणजे वरिष्ठाने, रात्री बाराला प्रेझेंटेशनमधल्या तक्त्याची रुंदी बदलायला सांगितली तर हा मान राखून करेल का? सलग चार आठवडे शनिवार-रविवार गेला तर घर टिकेल का? आणि दोन वर्षांनी हा मोठ्या पदावर हक्क सांगेल, तेवढी क्लायंटशी बोलायची तयारी याची झाली असेल का? तुमची जन्मतारीख कुणी विचारणार नाही, पण हे तीन प्रश्न आडून विचारतील. उत्तरं घरूनच तयार करून न्या. पहिल्याचं उत्तर तुमच्याकडे आहेच: तीन वर्षांच्या आर्टिकलशिपमध्ये, म्हणजे सीएच्या उमेदवारीत, तुम्ही स्वतःपेक्षा लहान सिनिअरांच्या हाताखाली काम केलेलं आहे. तसंच सांगा.

आता तुमची जमेची बाजू. ती तुम्हाला स्वतःला पुरेशी दिसत नाही असं पत्र वाचून वाटलं, म्हणून जरा तपशिलात जाते.

आयपीओचा मसुदा, म्हणजे डीआरएचपी, काहीशे पानांचा असतो. त्यातल्या प्रत्येक आकड्याला पुरावा लागतो. पानावरच्या आकड्याभोवती गोल काढतात आणि बाजूला खुणेचं अक्षर लिहितात: हा इश्यूसाठी नव्याने मांडलेल्या (रिस्टेटेड) ताळेबंदातून आला, हा कंपनीच्या हिशेबाच्या नोंदींतून, ह्यासाठी वेगळ्या सीएचं प्रमाणपत्र घेतलं. याला सर्कल-अप म्हणतात. तुमच्या हाताला हे काम ओळखीचं आहे, नोंद पावतीशी ताडायची, म्हणजे व्हाउचिंगच आहे ते. नोव्हेंबर २०२२च्या दुरुस्तीनंतर तर कंपनीने आपले महत्त्वाचे केपीआय, म्हणजे कामगिरीचे मापक आकडे, मसुद्यात द्यायचे आणि ते ऑडिटरकडून किंवा पीअर रिव्ह्यू झालेल्या सीएकडून प्रमाणित करून घ्यायचे असा सेबीचा नियम आहे. त्यात घड्याळ वेगळंच धावत असतं. डीआरएचपी दाखल करताना आकडे सहा महिन्यांपेक्षा जुने चालत नाहीत. अमेरिकी संस्थांनाही शेअर विकायचे असतील तर ऑडिट किंवा रिव्ह्यू झालेल्या शेवटच्या ताळेबंदापासून १३५ दिवसांच्या आत इश्यू पार पाडायची धडपड असते, कारण त्यापुढे ऑडिटर बँकरना द्यायच्या खात्रीच्या पत्रात (कम्फर्ट लेटर) नेहमीचा भरवसा देत नाहीत.

अशा धावपळीत रात्री अकराला ऑडिटरच्या ऑफिसातून फोन येतो, 'पान १८७वरचा हा आकडा आम्ही टिक करणार नाही.' टीममधली हुशार एमबीए मुलं इथे अडतात. ती ऑडिटरशी वाद घालतात, वरच्या पार्टनरला फोन लावतात, वकील मध्ये येतात, दोन तास जातात. सीए झालेला माणूस फोनवर एवढंच विचारतो, 'आकडा हिशेबाच्या पुस्तकातून आलेला नाही म्हणून अडलंय का?' तसं असेल तर कोण प्रमाणपत्र देऊ शकेल, आकड्याची व्याख्या बदलून तो पुस्तकाशी जुळवता येईल का, की वाक्यच गाळावं, हे तो पंधरा मिनिटांत ठरवतो. अशा माणसाला टीम सोडत नाही. जेएम फायनान्शियल उभी करणारे निमेश कंपानी स्वतः सीए. या धंद्यात सीएला कुणी परका समजत नाही.

मग घोडं अडतं कुठे? तुमची नजर मागे बघायला तयार झालेली आहे. झालेला व्यवहार बरोबर नोंदला का, हे तुम्ही उत्तम सांगाल. समोरचा त्या कंपनीचे किती पैसे देईल आणि का, हे सांगायची सवय तुम्हाला नाही. खरं तर ती तासगावात तुमच्या डोळ्यांसमोर होती. बेदाण्याच्या सौद्यात शेतकऱ्याचा खर्च वहीत लिहिलेला असायचा, पण भाव ठरायचा तो माल पुढे कितीला जाईल असं व्यापाऱ्याला वाटतं त्यावर. कंपनीचंही तसंच आहे.

एक उदाहरण करून बघू. आकडे समजावण्यापुरते घेतलेत. चाकणमधली सुट्या भागांची एक कौटुंबिक कंपनी विकायची आहे. तिच्या हिशेबातला एबिट्डा, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा, १४ कोटी. तुम्ही ऑडिटर असाल तर तो बरोबर आहे म्हणून सही कराल. डीलच्या टेबलावर काम इथून सुरू होतं. मालकांची पत्नी आणि भाऊ कामावर येत नाहीत, पण पगार घेतात, वर्षाला १ कोटी २० लाख. नवा मालक हा खर्च करणार नाही, म्हणून तो एबिट्डात परत जोडा. कारखान्याची जागा मालकाच्या स्वतःच्या नावावर आहे आणि कंपनी भाडं देते फक्त ३० लाख, बाजारात ते ९० लाख पडेल. विक्रीनंतर ते द्यावंच लागणार, म्हणून ६० लाख वजा. त्याच वर्षी विम्याचा १ कोटी ६० लाखांचा दावा मिळाला आणि तो एबिट्डात धरलाय. पुढच्या वर्षी तो नाही, वजा. उरले १३ कोटी. अशा कंपन्या एबिट्डाच्या आठ पटीने विकल्या जातायत असं धरलं तर कंपनीचं मूल्य ११२ ऐवजी १०४ कोटी होतं. ताळेबंदात चूक एकही नाही, तरी आठ कोटींचा फरक पडला.

पुढे कर्ज. बँकेचं २२ कोटी, हातात रोकड ४, म्हणजे निव्वळ १८. ग्रॅच्युइटीची तरतूद केलीय पण पैसा बाजूला ठेवलेला नाही, दीड कोटी; घेणारा म्हणेल हेही कर्जासारखंच. मालकाच्या हातात पडणारी किंमत साडेचौऱ्याऐंशी कोटी. मग घेणाऱ्याचा सीए विचारतो, मार्चअखेरीस पुरवठादारांची देणी नेहमीपेक्षा एवढी जास्त कशी? पेमेंटं थांबवून रोकड फुगवलीय हे लक्षात येतं, आणि वर्किंग कॅपिटलच्या, म्हणजे रोजच्या कारभारात अडकणाऱ्या पैशाच्या, सरासरीवरून पुन्हा दोन-तीन कोटींची घासाघीस सुरू होते. भाड्याच्या जागा जास्त असतील तर आणखी एक पेच: इंड एएस ११६ हे भाडेकरारांचं हिशेब-मानक लागू असलेल्या कंपनीत भाडं घसारा आणि व्याजात जातं, त्यामुळे एबिट्डा मोठा दिसतो. तुलनेला घेतलेल्या कंपन्या त्याच पद्धतीच्या आहेत का, हे न बघता पट लावली की सगळं गणित फसतं.

हे वाचताना तुम्हाला एकही शब्द नवा वाटला नसेल. प्रत्येक आकड्यापुढे 'म्हणजे किंमत किती हलली?' हा प्रश्न आपोआप यायला हवा, एवढंच शिकायचं आहे. एवढंच म्हणते खरी, पण त्याला वर्ष-दीड वर्ष लागतं, आणि ते शिकायला पगार देणारी जागा आहे.

ती जागा म्हणजे ट्रान्झॅक्शन सर्व्हिसेस, फायनान्शियल ड्यू डिलिजन्स: व्यवहाराआधी कंपनीचे हिशेब खोलात तपासण्याचं काम. बिग फोर म्हणतात त्या चार मोठ्या जागतिक ऑडिट फर्म्समध्ये हे विभाग आहेत, ग्रँट थॉर्नटन, बीडीओ यांच्याकडेही आहेत, आणि मुंबई-पुण्यातल्या मध्यम फर्म्सही गुंतवणूकदारांसाठी हे काम करतात. वर दाखवलेली चाकणची आकडेमोड हे त्यांचं रोजचं काम. तिथे ऑडिटमधून आलेला सीए घेतात, चौतिसाव्या वर्षीही घेतात, फक्त पद तुमच्या वयाच्या मानाने एक पायरी खालचं मिळेल. ते स्वीकारा. दीड-दोन वर्षांत आठ-दहा व्यवहार हातून गेले की तुमच्या बायोडेटाचं वजन बदलतं. त्या काळात टेबलाच्या पलीकडे इन्व्हेस्टमेंट बँकर बसलेले असतात, तुमचे प्रश्न ऐकत असतात. लहान आणि मध्यम सल्लागार फर्म्स पुढची माणसं बऱ्याचदा अशीच उचलतात. मी स्वतः घेतलेल्या माणसांपैकी काहींना मी पहिल्यांदा पाहिलं ते समोरच्या बाजूने आमच्या क्लायंटला अवघड प्रश्न विचारताना.

दुसरा रस्ता छोट्या आयपीओंचा. बीएसई एसएमई आणि एनएसई इमर्ज हे मंच २०१२ साली सुरू झाले. इश्यूनंतरचं भरणा झालेलं भांडवल २५ कोटींपर्यंत असलेल्या कंपन्या तिथे येतात, आणि कोल्हापूर, सांगली, नाशिक, छत्रपती संभाजीनगरकडच्या उद्योजकांनाही आता हा मार्ग माहीत आहे. या कामातल्या मर्चंट बँकरना सीएची गरज सतत असते, आणि टीम लहान असल्याने पहिल्या दिवसापासून सगळंच करायला मिळतं: मसुदा, सेबीचे आणि एक्स्चेंजचे नियम, कंपनीच्या मालकाची समजूत काढणं. तुम्ही गावच्या व्यापाऱ्यांत वाढलात, मालकाशी त्याच्या भाषेत बोलाल, याला इथे फार किंमत आहे.

पण इथे एका गोष्टीची मला खरंच काळजी वाटते. या बाजारात गेल्या काही वर्षांत फुगवलेली विक्री, गोल फिरवलेला पैसा असे प्रकार निघाले आहेत, आणि सेबीने मर्चंट बँकरांवरही कारवाई केली आहे. २०२५मध्ये नियमही कडक झाले: मागच्या तीनपैकी दोन वर्षांत किमान एक कोटीचा ऑपरेटिंग नफा हवा, आणि जुन्या भागधारकांना इश्यूच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त विक्री करता येत नाही. ऑफर आली तर त्या फर्मचं आणि तिच्या संचालकांचं नाव सेबीच्या संकेतस्थळावरच्या आदेशांत शोधा. त्यांनी आणलेल्या मागच्या दहा इश्यूंचं पुढे काय झालं ते बघा. मुलाखतीत विचारा, 'तुम्ही शेवटचा इश्यू नाकारलात तो का?' उत्तर देता आलं नाही तर तिथे जाऊ नका, पगार कितीही असो. तुमचं सदस्यत्व मिळवायला तुम्हाला बत्तीस वर्षं लागली. दुसऱ्याच्या फुगवलेल्या आकड्यासाठी ते पणाला लावायचं नाही.

एमबीए? पूर्ण वेळ दोन वर्षांचा विचार सोडा. आयएसबी किंवा आयआयएमचे अनुभवी लोकांसाठीचे एक वर्षाचे अभ्यासक्रम उत्तम आहेत, पण खर्च तीस लाखांच्या वर जातो, वर्षभराचा पगार बुडतो, आणि तिथून बहुतेक लोक कन्सल्टिंग, टेक्नॉलॉजी आणि कंपन्यांच्या व्यवस्थापनात जातात. डील करणाऱ्या टीम तिथून मोजकीच माणसं घेतात. फ्लॅटचा हप्ता चालू असताना त्या मोजक्या जागांवर तीस लाख लावावेत असं मी सांगणार नाही. सीएफए, म्हणजे गुंतवणूक विश्लेषणाची तीन पायऱ्यांची परीक्षा, चालेल. पहिली लेव्हल तुमच्या अकाउंटिंगच्या जोरावर निघेल आणि बायोडेटा वाचणाऱ्याला कळेल की हा गंभीर आहे. पण तीनही लेव्हल संपेपर्यंत नोकरी बदलायची नाही असं ठरवून बसू नका. एनआयएसएम या सेबीच्या संस्थेची मर्चंट बँकिंगची परीक्षा, सिरीज नऊ, तेवढी मात्र लगेच द्या. अभ्यासाचं पुस्तक लहान आहे आणि सेबीच्या नियमांचा सांगाडा त्यात येतो.

तुमच्या पत्रात नसलेली एक गोष्ट सुचवते, नोंदणीकृत मूल्यांककाची. कंपनी कायद्याच्या कलम २४७खाली रजिस्टर्ड व्हॅल्युअर होता येतं. सीएला सदस्यत्वानंतर तीन वर्षांचा अनुभव लागतो, ५० तासांचा अभ्यासक्रम आणि मग आयबीबीआय या सरकारी नियामक मंडळाची परीक्षा. तुमची दोन वर्षं झाली आहेत, म्हणजे पुढच्या वर्षी तुम्ही पात्र व्हाल. 'सिक्युरिटीज ऑर फायनान्शियल ॲसेट्स' हा गट घ्या. याने डीलची नोकरी लगेच मिळत नाही, पण तुमच्या नावापुढे किंमत ठरवण्याचं काम लागतं आणि उद्या मन बदललं तरी ही नोंदणी तुम्हाला उपजीविका देते.

नोकरीचे अर्ज टाकण्याआधी रात्रीचा एक तास लावून एक काम पूर्ण करा. सेबीच्या संकेतस्थळावर डीआरएचपी फुकट मिळतात. तुम्ही ज्या उद्योगाचं ऑडिट केलंय त्यातलीच, दोन-तीन वर्षांपूर्वी बाजारात आलेली एक कंपनी निवडा. 'बेसिस फॉर ऑफर प्राइस' हे प्रकरण आधी वाचा. बँकरने तुलनेला कुठल्या कंपन्या घेतल्या, कुठल्या टाळल्या, ते तिथे दिसतं. मग 'ऑब्जेक्ट्स ऑफ द ऑफर', पैसा कशाला हवाय ते. मग एक्सेलमध्ये नफा-तोटा, ताळेबंद आणि रोकड प्रवाह ही तिन्ही विवरणपत्रं जोडून पाच वर्षांचं मॉडेल उभं करा, स्वतःच्या हाताने, तयार साचा न वापरता. शेवटी इश्यूची किंमत आणि आजची किंमत यांच्याशी तुमचा आकडा ताडून बघा आणि फरक का पडला ते दोन पानांत लिहा. मुलाखतीत हे मॉडेल उघडून दाखवता आलं तर समोरच्याच्या मनातल्या शंका निम्म्या होतात. मॉडेलमधलं कर्ज आणि व्याज एकमेकांवर अवलंबून गोल फिरायला लागलं की तुम्ही वैतागाल. तिथे सोडू नका, तेवढंच एक कोडं आहे ते.

बायोडेटा एका पानाचा. 'विविध कंपन्यांचे वैधानिक ऑडिट केले' हे वाक्य मी हजारदा वाचलंय आणि त्याने काहीच कळत नाही. त्याऐवजी लिहा: 'फोर्जिंग क्षेत्रातल्या एका मध्यम कंपनीच्या ऑडिटमध्ये न हलणाऱ्या साठ्याचं प्रमाण शोधलं, त्यामुळे तरतूद वाढली आणि नफा अमुक टक्क्यांनी घटला.' उद्योग लिहा, आकार लिहा, तुमच्यामुळे काय बदललं ते लिहा. क्लायंटचं नाव लिहू नका. ज्या व्यवहारामुळे तुमच्या मनात हे आलं त्याबद्दल तर फारच सांभाळून. क्लायंटची माहिती संमतीविना उघड करणं सीए कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत व्यावसायिक गैरवर्तन आहे, आणि मुलाखत घेणारा हेही बघत असतो की हा माणूस गुपित ठेवतो का.

मधल्या चार वर्षांबद्दल ताकाला जाऊन भांडं लपवू नका. विचारायची वाटही बघू नका. पहिल्या मिनिटातच सांगा: 'वडील आजारी पडले, चार वर्षं बेदाण्याच्या अडतीवर हिशेब सांभाळले, मग पदवी आणि सीए पूर्ण केलं.' पुढे त्या अडतीवर उधारी किती दिवसांची असायची, पैसा कुठे अडकायचा, भाव पडला की आधी कोण बुडायचं, हे दोन वाक्यांत सांगा. कॅम्पसवरून आलेल्या मुलाला वर्किंग कॅपिटल पुस्तकातून कळलेलं असतं. तुम्हाला ते गल्ल्यावर बसून कळलंय. ती चार वर्षं मोकळी गेलेली नाहीत, असं मी तुम्हाला धीर देण्यासाठी लिहीत नाही. मुलाखत घेणारी म्हणून मला त्यातच जास्त रस वाटला असता.

घरचं बोलणं मात्र आता, ऑफर येण्याआधी करा. पत्नीला सगळं जसंच्या तसं सांगा. ड्यू डिलिजन्समध्येही रात्री लांबतात आणि बँकिंगमध्ये त्याहून जास्त. ही नोकरी मुंबईची असेल आणि पुण्याहून रोज जाऊन-येऊन होणार नाही. डेक्कन क्वीन संध्याकाळी पाच-दहाला सीएसएमटीहून सुटते, त्या वेळी डीलवर काम करणाऱ्या माणसाचा अर्धा दिवस बाकी असतो. म्हणजे मुंबईत भाड्याची खोली, शनिवारी घरी, तेही जमलं तर. किंवा सगळं घर हलवायचं आणि पत्नीने नवी शाळा शोधायची. मुलगी पहिलीत जाईल ते वर्ष डोळ्यांसमोर ठेवून ठरवा. ट्रान्झॅक्शन सर्व्हिसेसची पहिली दोन वर्षं पुण्यात मिळाली तर ती घ्या, मुंबईत थोडा जास्त पगार मिळत असला तरी. सुरुवातीला आजच्यापेक्षा पगार कमीही होऊ शकतो, आणि बँकिंगमधला मोठा वाटा बोनसचा असतो जो मंदीच्या वर्षी जवळजवळ नाहीसा होतो. हप्ता, घरखर्च, आई-वडिलांचं औषधपाणी धरून आठ-नऊ महिन्यांची रक्कम बाजूला पडेपर्यंत राजीनामा नको. आणखी एक: डीलच्या नोकरीत रुजू होताना तुमच्या आणि जवळच्या कुटुंबीयांच्या डीमॅट खात्यांची माहिती द्यावी लागते, शेअर घ्यायला-विकायला आधी कंप्लायन्सची, म्हणजे नियमपालन विभागाची, परवानगी लागते. दोघांपैकी कुणी शेअर बाजारात असाल तर हेही आधीच बोलून घ्या.

राजीनाम्याची वेळही सांभाळा. टॅक्स ऑडिटची ३० सप्टेंबरची तारीख तोंडावर असताना फर्म सोडू नका. तुमच्या बायोडेटातला सगळ्यात महत्त्वाचा संदर्भ तुमचे पार्टनर असतील, आणि मुंबईतला मुलाखत घेणारा त्यांना फोन करतोच. आता मॉडेल आणि एनआयएसएमची परीक्षा उरका, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अर्ज सुरू करा, आणि ऑक्टोबरमध्ये हातात लेखी ऑफर घेऊन पार्टनरांच्या केबिनमध्ये जा. त्यांना दुसरीकडून कळण्याआधी तुमच्या तोंडून कळू द्या, आणि नोटिशीच्या काळात फाइली नीट सोपवून द्या.